दोन सर, एक गुडघा

पुणे शहर आणि परिसरातल्या महाविद्यालयांचे शारीरिक शिक्षण संचालक, तसंच व्हॉलीबॉल आणि ॲथलेटिक्सचे मार्गदर्शक यांना,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी रात्री साडेनऊला फोन आला. जुनी विद्यार्थिनी, आता एफवायला आहे. जेवलीस का, होस्टेल कसं आहे वगैरे झालं. मग म्हणाली, "मॅडम, सर म्हणतात एक काय ते ठरव."

"कुठले सर?"

"दोघंही."

फोनवर मी हसले. ठेवल्यावर मात्र एक वाजेपर्यंत झोप आली नाही. म्हणून हे पत्र.

मी शाळेत पीटी शिकवते. दरवर्षी जून-जुलैत तुमच्या जिमखान्याच्या दारात ज्या मुली फॉर्म भरायला उभ्या राहतात, त्यांतल्या दोन-चार आधी माझ्याकडे घडलेल्या असतात. ही त्यांतलीच. उंची पाच फूट नऊ इंच. व्हॉलीबॉलला मिडलमध्ये, म्हणजे नेटच्या मधोमध, खेळते आणि उंच उडी मारते. उंच उडीचे सर सकाळी सहाला ट्रॅकवर, होस्टेलपासून अकरा किलोमीटर. व्हॉलीबॉलचे सर संध्याकाळी पाच ते साडेसात, कॉलेजच्या मैदानावर. दोघांनी एकमेकांना आजवर पाहिलेलं नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसरा आपली खेळाडू पळवतोय. (एक जण खरंच पळवतो, पण ट्रॅकवर.) आता व्हॉलीबॉलच्या सरांनी साध्या कागदावर लिहून मागितलंय: "मी या वर्षी अन्य कोणताही खेळ खेळणार नाही." खाली पालकांची सही. वडील पिरंगुटला कंपनीत, सेकंड शिफ्टला. सही आणायला ती रविवारी घरी गेली होती आणि न घेताच परत आली.

मी हे का लिहावं, असं कुणी विचारेल. मी २०१० ते २०१३ या वर्षांत पुण्यातल्याच एका कॉलेजातून हे दोन्ही खेळ खेळले. कॉलेजचं नाव घेत नाही. तिथले सर आता निवृत्त झालेत, त्यांनी मला पोटच्या मुलीसारखं जपलं हेही खरं, आणि माझा उजवा गुडघा जिना उतरताना अजून बोलतो हेही खरं.

व्हॉलीबॉलचं वेड लागलं ते बालेवाडीच्या क्रीडा संकुलात. २००९ साली तिथे मुलांची ज्युनिअर जागतिक स्पर्धा झाली, जुलैच्या शेवटी सुरू होऊन ऑगस्टमध्ये संपली. मी बारावीत होते. पुण्यात स्वाइन फ्लूची धास्ती, सगळं शहर तोंडाला रुमाल बांधून हिंडत होतं. आई नको नको म्हणत असताना मीही रुमाल बांधला आणि एक दिवस जाऊन आले. एक पोरगा ब्लॉकला नेटवर चढला. चढला म्हणजे खरंच चढला: नेट २.४३ मीटरवर आणि त्याची कोपरं नेटच्या वर. तेवढं एक दृश्य घेऊन मी घरी आले. ते संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, पुढे २००८ ला राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथेच झाल्या. हॉलमधून बाहेर पडलं की चालत जाऊन ट्रॅक गाठता येतो. बांधणाऱ्यांनी दोन खेळांच्या मध्ये भिंत घातलेली नाही. ती नंतर घातली गेली, आणि विटांची नसल्यामुळे ती पाडायला कुणाची परवानगीही लागत नाही.

आता मुद्द्याचं. "उंच उडी मारून मारून तुझा स्मॅश बिघडेल," असं माझे सर म्हणायचे. सुरुवातीचे दोन महिने तो बिघडलाही. नेहमीचा स्मॅश दोन पायांवर उडून मारायचा असतो. उंच उडी एका पायावर, तीही गोलाईत धावत येऊन. माझी शेवटची पावलं नकळत गोल जायला लागली. बॉल एकीकडे, मी नेटच्या टोकाच्या अँटेनाकडे. सर कपाळावर हात मारून घ्यायचे.

मग एके संध्याकाळी आमच्या लिफ्टरने (स्मॅशसाठी बॉल उचलून देते ती) गंमत म्हणून बॉल पाठीमागे, तिच्या डोक्यावरून उंच टाकला. मी नेटला समांतर पळत गेले, डाव्या पायावर उठले आणि मारला. समोरच्या ब्लॉकवाल्या होत्या तिथेच राहिल्या. याला स्लाइड म्हणतात, जगभरच्या मिडल ब्लॉकर मुली हा फटका मारतात, हे आम्हाला मागाहून कळलं. उजव्या हाताने मारणारी मुलगी स्लाइडला डाव्या पायावर उडते. उंच उडीला उजव्या बाजूने धावत येणारी मुलगीही डाव्याच पायावर उडते. शेवटून दुसरं पाऊल लांब, त्या पावलाला कंबर जराशी खाली, मग शेवटचं पाऊल आखूड आणि चपळ. दोन्हीकडे तेच. ट्रॅकवरच्या सरांनी सहा महिने घासून घेतलेलं ते पाऊल व्हॉलीबॉलच्या सरांना फुकट मिळालं. त्या वर्षी आमच्या संघाचे निम्मे नाही तरी बरेच पॉइंट त्या एका पावलावर आले. त्याबद्दल एका सरांनी दुसऱ्या सरांना साधा चहा पाजला नाही, तेवढं राहून गेलं.

सगळ्याच जोड्या अशा जमतात असं मी म्हणणार नाही. लांब उडी, उंच उडी, तिहेरी उडी, शंभर मीटर, अडथळा शर्यत ही व्हॉलीबॉलची सख्खी भावंडं. भालाफेक दिसायला जवळची, कारण हात डोक्यावरून तसाच येतो, पण म्हणूनच धोक्याची. सकाळी भाला आणि संध्याकाळी स्मॅश म्हणजे एकाच खांद्यावर दोन पाळ्या. पाच हजार मीटरची धावपटू मिडलला उभी केली तर तिची उडी मैलांच्या हिशोबात विरघळते. आमची लिबेरो, म्हणजे मागे फक्त बचाव करणारी, मात्र पंधराशे मीटर पळायची आणि तिला काही झालं नाही. लिबेरोला नेटवर उडायचं नसतंच, तिला शेवटच्या सेटपर्यंत पाय वाकवून जागं राहायचं असतं. ही पारख तुमची. ती तुम्ही करावी म्हणून तर मुली तुमच्याकडे येतात. "एक काय ते ठरव" हे वाक्य त्या पारखीऐवजी वापरलं जातं, एवढीच माझी तक्रार.

आपल्याकडे लोक लगेच अमेरिकेचा दाखला देतात, तर तोही बघू. डेस्टिनी हूकर नावाची खेळाडू टेक्सास विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळली आणि त्याच काळात उंच उडीत एकाहून जास्त वेळा एनसीएए, म्हणजे तिथल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांची, विजेती झाली. पुढे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या व्हॉलीबॉल संघातून तिला रौप्यपदक मिळालं. हे ऐकून आपल्या मुली हरखतात. पण तिथलं वेळापत्रक बघा. मुलींचं व्हॉलीबॉल ऑगस्टअखेर सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं. मग ट्रॅक: हिवाळ्यात इनडोअर, नंतर मैदानी, थेट जूनपर्यंत. हंगामात सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा, दिवसाला ४ तासांची, आणि आठवड्यातून एक दिवस सक्तीची सुट्टी. हूकर असामान्य होती यात वाद नाही, पण तिच्या मागे एक दिनदर्शिकाही होती.

आणि आपली? जुलै-ऑगस्टमध्ये मैदानात चिखल. फक्की मारावी तर तासाभरात वाहून जाते. मग गणपती. त्यानंतर दसरा-दिवाळीच्या आगेमागे सगळं एकदम अंगावर येतं: झोनल, इंटरझोनल, निवड चाचणी, कॅम्प, मध्येच सेमिस्टरची परीक्षा, मग पश्चिम विभाग, मग ऑल इंडिया. राज्यातल्या विद्यापीठांच्या 'अश्वमेध' महोत्सवात तर व्हॉलीबॉल आणि ॲथलेटिक्स दोन्ही एकाच मांडवाखाली. म्हणजे अमेरिकेतली मुलगी जे दहा महिन्यांत वाटून घेते, ते आमची मुलगी तीन-चार महिन्यांत कोंबते, वर ७५ टक्के हजेरी सांभाळते. खेळ एकमेकांच्या आड येत नाहीत. तारखा येतात. आणि तारखा आपण मोठी माणसं काढतो.

माझ्या एसवायच्या वर्षातला एक दिवस सांगते. सकाळी एका मैदानावर व्हॉलीबॉलची उपांत्यपूर्व फेरी. अकराला दुसऱ्या मैदानावर उंच उडी. सामना तिसऱ्या सेटमध्ये गेला. जिंकलो, पण हात मिळवायलाही न थांबता मी मैत्रिणीच्या स्कूटीवर मागे बसले. गणेशखिंड रस्त्यावरच्या सिग्नलला नी-पॅड काढले, पुढच्या सिग्नलला बूट बदलायला घेतले, तर डाव्या पायातला मोजा रस्त्यावरच पडला. पोचले तेव्हा नावं पुकारून झाली होती. बार १.३५ वर होता. पंच बाईंनी माझ्याकडे एकदा आणि माझ्या एका मोज्याकडे एकदा बघितलं आणि "चल, घे," म्हणाल्या. १.५० ला तिन्ही प्रयत्न चुकले. तिसरी आले. परत स्कूटी. दोन केळी आणि पाच रुपयांचा पारले-जी, तोही चालत्या गाडीवर. दुपारी उपांत्य सामना. संघात सर मला काही बोलले नाहीत, आमच्या कॅप्टनने विचारलं, "मिळालं का मेडल तुझं?" त्यातला 'तुझं' मला अजून ऐकू येतो.

त्या दिवशी माझं काही मोडलं नाही, फाटलं नाही. म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही. दुखणं आलं ते पंधरवड्याने, पावलं न वाजवता. गुडघ्याच्या वाटीच्या खाली बोट ठेवलं की कळ. जिना चढताना काही नाही, उतरताना मात्र कठडा धरायचा. होस्टेलमध्ये भारतीय पद्धतीचे संडास. एके सकाळी मला उकिडवं बसता येईना. हे कुठल्या सरांना सांगणार? मैदानात उतरलं, अंग गरम झालं, की दुखणं गुल. त्यामुळे मलाच वाटायचं, मनाचे खेळ असतील. हा या दुखण्याचा दगाबाजपणा आहे. उडी मारणाऱ्यांच्या गुडघ्याच्या टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचं, दुखणं खेळताना दबतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हिशोब मागतं. खेळाडूला "आज दुखतंय का?" असं मैदानावर विचारून उपयोग नाही. "आज सकाळी जिना कसा उतरलीस?" असं विचारायचं.

फिजिओकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसाला किती उड्या होतात?" मला सांगता येईना. दोन-दोन सरांच्या हाताखाली खेळणारी मुलगी, पण उड्या किती ते तिघांपैकी कुणालाच माहीत नाही. मग एका मंगळवारी मैत्रिणीला कडेला बसवलं. तिने अकौंट्सच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या. सकाळी ट्रॅकवर बारवरून १६ उड्या, त्याआधी बाऊंडिंगचे, म्हणजे लांब उसळत्या ढांगांचे, ६० टप्पे. संध्याकाळी स्मॅश ४८, ब्लॉक ५५, म्हणजे १०३. पर्वतीला जितक्या पायऱ्या आहेत तितक्या उड्या नुसत्या संध्याकाळी. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रॅकवाल्या सरांनी आम्हाला खरोखरच पर्वतीवर नेलं, पायऱ्या मारायला. सकाळच्या सरांच्या लेखी मी १६ उड्या मारल्या होत्या. संध्याकाळच्या सरांच्या लेखी १०३. दोघांच्याही मते जास्त काही नाही. टप्पे धरून १७९ हा आकडा फक्त गुडघ्याला माहीत होता.

फिजिओने खेळ बंद कर असं सांगितलं नाही, हे मुद्दाम लिहिते. आपल्याकडे गुडघा म्हटलं की एक तर "काही होत नाही, बर्फ लाव" नाही तर "महिनाभर पूर्ण आराम", मधलं काही नाही. महिनाभर झोपून राहिलं तर टेंडन आणखी आळशी होतो, मग पहिल्याच सामन्यात दुप्पट दुखतो. उड्या कमी, वजन घेऊन सावकाश बैठका, आणि मग आठवड्या-आठवड्याने उड्या वाढवत नेणं, असा तो मार्ग होता. कंटाळवाणा, पण चालला. मात्र त्यासाठी दोन्ही सरांनी एकाच वहीत बघायला हवं होतं. वही मी केली. सकाळी एका सरांना दाखवली, संध्याकाळी दुसऱ्यांना. दोघांनीही "छान आहे" म्हणून मिटून परत दिली. दोघांनाही वाटलं, कमी करायचं ते दुसऱ्याने.

आता तुमची बाजू. ती मला माहीत नाही असं समजू नका, गेली अकरा वर्षं मी तिथेच उभी आहे. बारा जणींचा संघ बांधायचा, त्यात दोघी होस्टेलच्या, एकीचं लग्न ठरलेलं, एकीला घरून संध्याकाळी सातनंतर परवानगी नाही. पहिल्या सहांतली एक जण सरावाच्या दिवशी ट्रॅकवर गेली की फेऱ्याच, म्हणजे कोर्टवर जागा बदलण्याचा क्रमच, लागत नाहीत. मिडल नसेल तर लिफ्टरने बॉल टाकायचा कुणाला? उरलेल्या अकरा जणींची चिडचिड वेगळीच. "आम्ही रोज येतो, ही दोन दिवसाआड येते, आणि मॅचला पहिल्या सहात ही." त्यांचं चुकत नाही. ही चिडचिड सरांनाच निस्तरावी लागते. वर प्राचार्य ट्रॉफी विचारतात, दुसऱ्या खेळातलं पदक दुसऱ्याच्या नावावर चढतं, टीए-डीए एकाच संघाचा मिळतो. ऐन वेळी खेळाडू आली नाही म्हणून समोरच्या संघाला पुढे चाल द्यावी लागली, तर नाक कुणाचं कापलं जातं? सरांचं. हे सगळं मान्य.

आणि मी स्वतःही धुतल्या तांदळासारखी नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे नववीत एक मुलगा होता. खो-खोला खांबावरून असा सुटायचा की बघत राहावं. जिल्हास्तरीय स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो मला न सांगता लांब उडीच्या चाचणीला गेला. मी त्याला सगळ्या संघासमोर उभं करून विचारलं, "तुला नक्की काय व्हायचंय?" चौदा वर्षांच्या पोराला! त्याने खो-खो सोडला. लांब उडीही सोडली. आता तो मला लक्ष्मी रोडवर एका दुकानात दिसतो, वाकून नमस्कार करतो, आणि मला दरवेळी कुठे बघावं कळत नाही. त्यामुळे हे पत्र उपदेश म्हणून वाचू नका.

'एक धर' या सल्ल्याला आपल्याकडे फार मान आहे. पण या दोन खेळांचं नातं बघायचं तर केरळातलं एक घर बघा. जिमी जॉर्ज, भारताच्या व्हॉलीबॉलचा सर्वांत मोठा खेळाडू, इटलीत जाऊन व्यावसायिक खेळला. त्याचे भाऊही व्हॉलीबॉलवाले. धाकटा बॉबी मात्र तिहेरी उडीकडे गेला आणि राष्ट्रीय विजेता झाला. त्याने पुढे आपल्या बायकोला, अंजूला घडवलं, आणि तिने २००३ ला पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ६.७० मीटरवर लांब उडीचं कांस्य मिळवलं. उडी त्या घराच्या अंगणात होती. कुठे नेटवर, कुठे वाळूत. आपण मात्र मुलीला अंगणाच्या मधोमध उभं करून विचारतो, कुठल्या भिंतीला टेकतेस?

बरं, मुलींनाही दोन शब्द सुनावते, म्हणजे पत्र एकांगी नको. दोन खेळ सांभाळणाऱ्या पुण्याच्या मुलीचा तिसरा खेळ असतो ढोल. जुलैपासून संध्याकाळी नदीपात्रात पथकाचा सराव, कमरेला ढोल बांधून दोन-दोन तास उभं राहायचं, तोही व्हॉलीबॉलचा सराव उरकून. मी स्वतः दोन वर्षं वाजवलाय, त्यातली नशा मला सांगू नका. पण मग सप्टेंबरात "मॅडम, कंबर धरली" म्हणून यायचं नाही. वहीत ढोलही लिहायचा. आणि मेसचं जेवण बेचव म्हणून मॅगीवर राहायचं, हिमोग्लोबिन नऊवर आलं की चक्कर येते म्हणून सांगायचं, हेही बंद. शेंगदाणे-गूळ मेसच्या बाहेरही मिळतात. पाळीच्या दिवसांत सरांना सांगता येत नाही, हे मात्र मुलींचं दुखणं नाही, आपलं शिकवणाऱ्यांचं आहे. जिथे मॅडम नाहीत तिथे निदान कॅप्टनमार्फत निरोप पोचेल एवढी सोय करा.

तुमच्याकडे मागणं फार नाही. त्या साध्या कागदावरच्या हमीपत्राने सुरुवात करा: ते मागणं बंद करा. अठरा वर्षांच्या मुलीकडून कशाचं लिहून घेता? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या तारखा ठरवायला तुम्हीच बसता. प्रवेशिका आल्या की दोन्ही याद्या शेजारी ठेवायला कुणाला तरी सांगा. दुहेरी नावं मोजकीच निघतील. उंच उडी आणि लांब उडी सकाळी घेतल्या आणि व्हॉलीबॉलचे त्या कॉलेजांचे सामने भाग्यपत्रिकेत दुपारनंतर टाकले, तर कुणाच्याही खिशातून एक रुपया जात नाही. शक्य असेल तिथे दोन्ही स्पर्धा एकाच संकुलात घ्या. ट्रॅक आणि कोर्ट शेजारी असलेल्या जागा पुण्याला आहेत. ज्या गावांना नाहीत त्यांनी आपल्याकडे बघून हळहळावं इतपत आहेत.

ट्रॅकवर घालवलेली सकाळ व्हॉलीबॉलच्या हजेरीपटावर गैरहजेरी म्हणून लावू नका, आणि ती माफही करू नका. सराव म्हणून लिहा, म्हणजे उरलेल्या अकरा जणींनाही दिसेल की ही झोपलेली नव्हती. नियम सगळ्यांना एकच ठेवा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून टाका: आठवड्याला संघाबरोबर इतके दिवस यायचंच, स्पर्धेआधीच्या आठवड्यात रोज यायचं, ते जमलं नाही तर पहिल्या सहात नाही. मुली कडक नियम ऐकतात. मधूनच बदललेला नियम त्यांना सहन होत नाही.

आणि उड्या मोजा. यासाठी यंत्र लागत नाही. संघात बाकावर बसलेली एक मुलगी, एक वही, एक पेन. दोन्हीकडच्या उड्यांची बेरीज आठवड्याच्या शेवटी दोन्ही सरांच्या डोळ्यांसमोरून गेली पाहिजे. बेरीज वाढली की कुणी कमी करायचं, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. तिने नाही. ती दोघांनाही "हो सर" म्हणणार. आम्हीही म्हणायचो. आम्हाला तेच शिकवलेलं असतं, आणि शिकवणाऱ्यांत मीही आहे.

आता परत त्या फोनकडे. पुढच्या बुधवारी तिची उंच उडी सकाळी नऊला आहे आणि व्हॉलीबॉलचा सामना त्याच दिवशी दुपारी अडीचला. दोन मैदानांत चौदा किलोमीटर. उडी संपायला अकरा वाजतील. ती चांगली उडाली तर साडेअकरा, कारण चांगली उडणारी शेवटपर्यंत थांबते. मी शाळेतून अर्धा दिवस रजा टाकली आहे, स्कूटीत पेट्रोल भरून ठेवणार आहे, डब्यात पोळी-भाजी आणि दहीभात असेल. मोजे दोन जोड. रस्त्याची सोय मी केली. पण संध्याकाळी सामना संपल्यावर "चला, आता पन्नास ब्लॉक" आणि गुरुवारी पहाटे "चला, पर्वती," हे मला थांबवता येणार नाही. तेवढं तुम्हा दोघांचं काम आहे. मंगळवारी रात्री एकमेकांना एक फोन करा. दोघांचेही नंबर तिच्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत, खालीवर लिहिलेले.

कळावे, लोभ आहेच.

आपली नम्र,
एक क्रीडाशिक्षिका, पुणे

ता. क. उड्या मोजताना जंप सर्व्हिसच्या उड्याही धरा. त्या मंगळवारच्या १७९ मध्ये मी त्या धरल्याच नव्हत्या.